आतड्याच्या नाक्यावरील औषध

त्वचेला किंवा घशाला जंतुसंसर्ग झाला असता डॉक्टर सेफॅलेक्सिनची कॅप्सूल लिहून देतात, आणि ती पाण्याबरोबर गिळली की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. परंतु हे द्रव्य पेशींच्या स्निग्ध आवरणातून सहज पाझरण्याच्या जातीचे नसल्यामुळे, लहान आतड्याच्या भित्तिकेपाशी ते अडून राहावे, हेच वास्तविक अपेक्षित होते. ते अडत नाही, याचे कारण मोठे मौजेचे आहे.

प्रथिनांच्या पचनातून दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे जे तुकडे निर्माण होतात, ते आत घेण्यासाठी आतड्यातील पेशींच्या पृष्ठभागावर पेप्ट-१ नावाचे वाहक प्रथिन तैनात असते. आणि सेफॅलेक्सिनची घडण अशा तुकड्याशी इतकी मिळतीजुळती आहे की, नाक्यावरच्या कारकुनाने परवान्याचा शिक्का तेवढा पाहून माल सोडावा, तसा हा वाहक त्यास बेलाशक आत घेतो. या कामाची शक्ती मात्र उसनी असते: पृष्ठभागालगतचा पातळ थर किंचित आम्लधर्मी असून, तेथील हायड्रोजनचे धनभारित कण पेशीत शिरताना औषधालाही सोबत नेतात. पुढे सुमारे ९० टक्के सेफॅलेक्सिन मूत्रावाटे अविकृत बाहेर पडते, यावरून शोषण किती पूर्ण झाले होते ते कळते.

अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकालाही या वाहकाचे साहाय्य होते. पण वाहकांची क्षमता मर्यादित, त्यामुळे दुप्पट मात्रा एकदम गिळल्याने रक्तात दुप्पट औषध पोहोचेलच असे नाही. सेफ्ट्रायॅक्सोन या आणखी एका प्रतिजैविकाला तर आतड्यातून जवळजवळ मज्जावच आहे. त्यास सुईचा मार्ग धरावा लागतो.