संगणकभाषेची निवड : लाभ आणि मोल



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला गणित शिकवीत. उत्तराआधी रीत पाहावी, असा त्यांचा आग्रह असे. आजचा विषयही रीतीचाच आहे. मुलांनी कोणती संगणकभाषा शिकावी, असे पालक मला वारंवार विचारतात. एका शब्दात उत्तर देता येईल. पण त्यामागचा हिशेब कळला नाही, तर ते उत्तर चार वर्षांत निरुपयोगी ठरेल.

भाषांचा हिशेब पिपलानीला नवा नाही. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली आणि देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे आली. घरी मराठी, बाजारात हिंदी, कारखान्याच्या आराखड्यांवर इंग्रजी, असे आपण वागत आलो. यांतली श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही. कोणाशी आणि कशासाठी बोलायचे, एवढेच पाहिले.

संगणकाच्या जगात मात्र एकाच भाषेने सर्व कामे उरकावीत, ही आकांक्षा जुनी आहे. १९५७ साली आलेली फोर्ट्रान शास्त्रीय आकडेमोडीची, तर १९५९–६० मध्ये घडलेली कोबॉल हिशेब-खातेवह्यांची. दोहोंचे गुण एकत्र आणण्यासाठी आयबीएमने १९६४ साली पीएल-वन भाषा पुढे आणली. तिच्यात सर्व काही होते, आणि तीच तिची अडचण झाली. भाषा इतकी विस्तारली की ती पूर्णपणे अवगत करणे अवघड झाले. फोर्ट्रान आणि कोबॉल आपापल्या जागी राहिल्या. ‘सर्वोपयोगी’ या शब्दाचेही मोल द्यावे लागते, हा त्यातला धडा.

आपल्या देशातील एक उदाहरण घेऊ. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रक्रियक एकत्र काम करीत. या प्रक्रियकाच्या निर्मात्यांनी त्याच्यासाठी ‘ऑकम’ ही भाषा खास रचली होती. समांतर गणनेला ती नेमकी साजेशी होती. तरीही परमवर फोर्ट्रान आणि सी या भाषांची सोय करावी लागली. कारण उघड आहे. शास्त्रज्ञांच्या आज्ञावली आधीच फोर्ट्रानमध्ये लिहिलेल्या होत्या. भाषा निवडताना यंत्राइतकाच माणसांनी साठवलेल्या श्रमांचा विचार करावा लागतो.

हे श्रम किती चिवट असतात, हे २०२० च्या एप्रिलमध्ये दिसले. महासाथीत बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्यांना जाहीर आवाहन करावे लागले. साठ वर्षांची भाषा चालू होती. ती जाणणारी माणसे कमी झाली होती.

आता वेग आणि सुरक्षितता. पायथनमध्ये दोन गोष्टींची बेरीज सांगितली, तर त्या संख्या आहेत की अक्षरे, हे आज्ञावली चालू असताना प्रत्येक वेळी तपासले जाते. सीमध्ये हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे लांबलचक आकडेमोडीत सी कित्येक पटींनी वेगवान ठरते. उलट लिहिणाऱ्याचा वेळ पायथन वाचवते. सीमध्ये दहा खणांची रांग मागून अकराव्या खणात लिहिले, तर भाषा अडवीत नाही. शेजारचा मजकूर निमूटपणे बिघडू शकतो. १९९५ ची जावा असे लिहिणे अडवते आणि न लागणारी स्मृती स्वतःच मोकळी करते. त्यासाठी काही वेळ आणि जागा खर्च होते. २०१५ साली स्थिर रूपात आलेली रस्ट यांतल्या पुष्कळ चुका आज्ञावली चालण्यापूर्वीच पकडते. मोबदल्यात शिकणाऱ्याकडून चिकाटी मागते. खर्च टळत नाही. तो यंत्राने सोसायचा की माणसाने, आज की उद्या, एवढेच आपण ठरवतो.

आणि सुरक्षित भाषा विवेकाची जागा घेत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच भरकटून नष्ट झाले. आज्ञावली एडा या काटेकोर भाषेत होती. परंतु एरियान ४ साठी लिहिलेला भाग तसाच घेतला होता, आणि प्रक्रियकावरचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी काही राशींवरचे संरक्षण वगळले होते. नव्या यानाच्या वेगामुळे त्यांतली एक संख्या सोळा बिटांच्या खणात मावली नाही. भाषेने दिलेले कवच माणसांनीच उतरवले होते.

शाळेने मग काय करावे? १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांतील मुले बीबीसी संगणकांवर बेसिक शिकली. पुढे सीबीएसईच्या अकरावी-बारावीत सी प्लस प्लसची जागा पायथनने घेतली. उद्या तिचीही जागा दुसरी घेईल. ज्यांनी केवळ आज्ञा पाठ केल्या, त्यांची विद्या भाषेबरोबर जुनी झाली. ज्यांना अट, आवर्तन आणि स्मृतीचा व्यवहार उमगला, ते पुढच्या भाषेत सहज गेले.

माझे मत असे, की मुलांनी आरंभ पायथनने करावा आणि शाळा सोडण्यापूर्वी थोडी सी लिहून पाहावी. पहिली भाषा आत्मविश्वास देते; त्या सोयीचे बिल कोण भरते, हे दुसरी दाखवते. यालाही मोल आहे. शिक्षकांचे श्रम आणि वेळापत्रकातील तास द्यावे लागतील. ते मोल शाळेने द्यावे, अशी माझी विनंती आहे.