अंगणातील सदाफुली

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे परिचित आहे. मराठवाड्यातील अशा गावी उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. मग अंगणातील फुलझाडाला ते कोठून द्यावे, हा प्रश्न गृहिणीपुढे उभा राहतो. सदाफुली हे त्याचे एक साधे उत्तर आहे.

ही वनस्पती मूळची मादागास्कर बेटावरील; पण येथे ती इतकी रुळली आहे की तिला परकी म्हणवत नाही. तिला भरपूर ऊन हवे. सावलीत झाड लांबट होते व फुले कमी येतात. तिला खरे भय साचलेल्या पाण्याचे. काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात आणि कालपर्यंत बहरलेले झाड एकाएकी मान टाकते. ते तहानले असे समजून लोक आणखी पाणी घालतात! यास्तव वाफा वीतभर उंच करून मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे. बी अंधारात चांगले रुजते. म्हणून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. रोप चार बोटे वाढले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. बियांसाठी शेंगा पिवळसर होताच तोडाव्यात. तडकल्यावर बी हाती लागत नाही.

गुरे-शेळ्या या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण नसलेल्या अंगणात हा मोठाच लाभ. मात्र त्याचे कारण झाडाचे विष हे आहे. मधुमेहावर सदाफुलीची पाने चावण्याची प्रथा अनेक घरांत आढळते. अशीच समजूत जमैकातही होती. तेथून आलेल्या पानांची कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर परीक्षा केली. पोटात दिलेल्या अर्काने रक्तातील साखर उतरली नाही. टोचलेल्या अर्काने मात्र पांढऱ्या रक्तपेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच 1958 च्या सुमारास व्हिंब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. पुढे याच झाडातील व्हिंक्रिस्टिन मुलांच्या रक्तकर्करोगावर उपयोगी ठरले. ही औषधे डॉक्टर रक्त तपासून, मोजून देतात. घरी तोडलेल्या पानांत कोणते द्रव्य किती, याचे माप कोणापाशीही नसते. तेव्हा मधुमेह्याने ही पाने खाऊ नयेत आणि चालू औषध तर मुळीच सोडू नये.

जुने झाड निम्म्यावर छाटले की नवी फूट येते. छाटलेला पाला वैरणीत मिसळू न देता खड्ड्यात पुरावा आणि हात स्वच्छ धुवावेत.