समितीचा ठराव आणि माणसाचे नाव
(पक्षाच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चाकसू हे तहसिलीचे गाव आहे. शीतलामातेची जत्रा सोडली तर देशात त्याचा फारसा बोलबाला नाही. परंतु सामूहिक कामात व्यक्तीची जबाबदारी कशी हरवते, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्या कोरडवाहू पट्ट्यातील रोजगार हमीच्या कामांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 2005 चा केंद्रीय कायदा शेजारच्या टोंक जिल्ह्यात 2007 मध्ये आणि चाकसू ज्यात मोडते त्या जयपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2008 पासून लागू झाला. (महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्यापासून प्रेरणा घेतलेला हा कायदा डिसेंबर 2025 मध्ये संसदेने बदलून टाकला. तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.)

या कामांवर मजुरी दिवसावर नव्हे, तर मापावर ठरत असे. तलावाच्या कामावर शंभर मजूर असले, तर सर्वांनी मिळून उकरलेली माती एकत्र मोजावयाची आणि हजेरीपत्रकावरील नावांनी भागावयाची, ही सोयीची पद्धत. सोयीची कोणाला? हजेरीपत्रकावर चार नावे खोटी असली, तर त्या नावांचा वाटा प्रत्यक्ष घाम गाळणाऱ्या बाईच्या मजुरीतून जातो. सावलीत बसणारा आणि उन्हात खणणारा यांना एकच दर पडतो. मग मजुरांतच भांडणे लागतात आणि मूळ लबाडी झाकली जाते.

2010 मध्ये टोंक जिल्ह्यातील काही मजुरांच्या हाती अशा मोजमापानंतर दिवसाला एक रुपया मजुरी टेकविण्यात आली. योजनेचा दर त्या वेळी शंभर रुपये होता! त्याच वर्षी 2 ऑक्टोबरपासून मजुरांनी जयपूरच्या स्टॅच्यू सर्कलवर दीर्घकाळ धरणे धरले. काम कमी झाले म्हणून मजुराची भाकरी कापली गेली. पण माप वेळेवर न घेणाऱ्या अभियंत्याचे काय? कायद्याच्या 25 व्या कलमात उल्लंघनाबद्दल दंड होता अवघा एक हजार रुपयांपर्यंत, आणि तोही न्यायालयात दोष सिद्ध झाल्यावर. अभियंता पंचायतीकडे बोट दाखवी, पंचायत तालुका कार्यालयाकडे, कार्यालय जिल्ह्याकडे. यंत्रणा दोषी, म्हणजे कोणीच दोषी नाही.

राजस्थानातील मजुरांच्या संघटनांनी यावर शोधलेला उपाय साधा होता. पाच-पाच जणांचे गट करावयाचे, प्रत्येक गटाला खणण्याची जागा आखून द्यावयाची, त्याचे माप त्यांच्यासमोर रोज घ्यावयाचे आणि मेटने ते लिहावयाचे. (मेट म्हणजे आपल्याकडील मुकादम.) पाचांत कोण किती खणतो, हे पाचांना ठाऊक असते. अर्थात यात धोकाही आहे. वृद्धेला किंवा आजारी बाईला कोणी गटात घेईनासे होते. जबाबदारीचे तत्त्व दुबळ्याला झोडपण्यासाठी वापरणे ही कंत्राटदाराची दृष्टी आहे, कम्युनिस्टांची नव्हे.

त्यांचा दुसरा उपाय अधिक मूलगामी होता. डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी घेतली आणि हजेरीपत्रके गावासमोर नावानिशी वाचली. त्यातूनच माहितीच्या हक्काची चळवळ उभी राहिली. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात माहिती अधिकारी नेमून द्यावा लागतो. विनाकारण दिरंगाई झाल्यास दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड त्याच्या व्यक्तिगत खिशातून जातो. हा दंड पुष्कळदा लावला जात नाही, हेही खरे. परंतु जेथे नाव आहे तेथे प्रश्न विचारता येतो. सर्वच कारभाराला हे तत्त्व लावणारा जवाबदेही कायदा व्हावा, म्हणून 1 डिसेंबर 2015 पासून शंभर दिवस राजस्थानच्या 33 जिल्ह्यांतून यात्रा निघाली. काँग्रेसने 2018 मध्ये आश्वासन दिले. 2023 मध्ये ते सरकार गेले, कायदा झालाच नाही.

आता आपल्या घराकडे वळू या. नोकरशाहीवर टीका करणे सोपे आहे. “समितीने ठरविले होते, पण होऊ शकले नाही,” हे वाक्य आपल्या किती अहवालांत येते? वर्गणी थकली, अंकाचे पैसे आले नाहीत, युनियनचा अर्ज मुदतीनंतर गेला. त्या शेवटच्या चुकीपायी एखाद्या कामगाराची केस बुडते, आणि आपण “सामूहिक उणीव” नोंदवून पुढील विषयाकडे जातो. डेनिकिनच्या आक्रमणाच्या काळात, जुलै 1919 मध्ये, लेनिनने पक्ष संघटनांना लिहिलेल्या पत्रात सामूहिक चर्चेच्या नावाखाली बेजबाबदारपणा लपविण्याला अत्यंत घातक दोष म्हटले होते. नेमके काम आणि त्याला नेमका माणूस, हा त्याचा आग्रह होता. चर्चा सर्वांची असावी, याला त्याचा विरोध नव्हता.

शाखेच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे काम, नाव आणि तारीख लिहावी. पुढील बैठकीचा पहिला विषय त्याचे वाचन हाच असावा. ज्याचे काम राहिले त्याने कारण सांगावे. अडचण खरी असेल तर मदतीला कोण, त्याचेही नाव लिहावे. आणि हे वाचन नव्या उमेदवार सभासदापासून नव्हे, चिटणीसापासून सुरू व्हावे.