जीपमधील डिझेल इंजिनबदल

मुंबईत माझगावला महिंद्राने विलीस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा तिचे इंजिन पेट्रोलचे होते. पुढे डिझेल जीप आली आणि तिच्यात प्यूजो परवान्याचे २,११२ घनसेंटिमीटरचे इंजिनही बसू लागले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सुमारे वीस पट दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते आणि कमी फेऱ्यांतही टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, भरपूर मिळतो, जो चिखलात व चढावर मोलाचा ठरतो.

जुन्या जीपमध्ये असे इंजिन बसवताना खरी कसोटी गिअरबॉक्सच्या सांध्यावर लागते. इंजिन व गिअरबॉक्स यांमधील अडॅप्टर प्लेट, म्हणजे छिद्रे जुळवणारी जाड धातूची चकती, किंचित जरी सरकली, तरी गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक फ्लायव्हीलमधील छोट्या पायलट बेअरिंगमध्ये तिरके फिरते आणि ते बेअरिंग झिजते. म्हणून येथे घाई अक्षम्य होय. नव्या इंजिनामुळे वजन वाढल्यास पुढच्या स्प्रिंगचे पाटेही बदलावे लागतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे, उदाहरणार्थ, घाटकोपरच्या वाहनधारकाला या बदलासाठी वडाळ्याच्या आरटीओची मंजुरी आवश्यक असते आणि नवा इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात चढवावा लागतो.