कुत्र्याने अडवलेला गोल



आज आपण कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही आणि पापडाच्या पॅकिंगबद्दलही नाही. आज बोलायचंय फुटबॉलबद्दल. थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका. आपल्या कोल्हापूरला फुटबॉल काही नवा नाही. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरले की पेठेतली माणसं घरात थांबत नाहीत. आता आपल्या मुलीही खेळायला लागल्यात, आणि त्यांच्या मागोमाग आपणही मैदानाच्या कडेला जाऊन बसतो. तिथंच माझ्या हातून एक चूक झाली. आधी ती सांगते.

शाळेच्या मैदानावर दोन गावच्या मुलींचा सामना होता. शेवटची पाच मिनिटं उरली होती आणि गोल कुणाचाच झालेला नव्हता. आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी चेंडू घेऊन सुटली. समोरची गोलकीपर पुढं आली आणि घसरून पडली. चेंडू हळूहळू रिकाम्या गोलाकडे निघाला. आम्ही बायका उठून उभ्याच राहिलो. तेवढ्यात गोलाच्या मागून एक कुत्रं धावत आलं, त्यानं चेंडूला तोंड लावलं आणि चेंडू बाजूला गेला. पंचांनी शिट्टी मारली. पंच म्हणजे विशी-बाविशीची एक मुलगी. तिनं कुत्र्याला हाकलायला लावलं, चेंडू हातात घेतला आणि सरळ समोरच्या गोलकीपरपुढं टाकून खेळ सुरू केला. गोल तर गेलाच, चेंडूही त्यांनाच! सामना बरोबरीत सुटला आणि नंतर पेनल्टींवर आम्ही हरलो.

मैदानाच्या कडेनं एकच आरडाओरडा झाला. एक माणूस ओरडला, "पोरीला काय कळतंय, घरी भाकरी थापायला सांगा तिला." मी त्याच्या शेजारीच उभी होते. दर बैठकीत बायकांना धीर देणारी मी. त्याला गप्प करायचं सोडून मीसुद्धा त्या मुलीच्या नावानं ओरडत होते.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर ती एकटीच बसलेली दिसली. मला माझीच लाज वाटली. जवळ जाऊन म्हटलं, "बाळ, मगाशी मी फार बोलले." ती म्हणाली, "ताई, मलासुद्धा तो गोलच वाटत होता. पण वाटण्यावर गोल देता येत नाही." मग एसटी येईपर्यंत तिनं मला बरंच काही समजावलं. घरी आल्यावर मी आणखी वाचलं. तेच आज तुम्हाला सांगते.

फुटबॉलचे नियम फक्त सतरा. पण मैदानात काय काय घडेल याची यादी कुणाला करता येणार? कुत्रं येतं, प्रेक्षकातला कुणी आत शिरतो, चेंडू फुटतो. म्हणून पंच मनात क्रमानं प्रश्न विचारतो. नेमकं काय घडलं? त्याबद्दल नियम काय सांगतो? आणि नियम काहीच सांगत नसेल, तर खेळाच्या दृष्टीनं न्याय्य काय? हा तिसरा प्रश्न पंचाच्या मनाची लहर नाही. नियम जिथं गप्प आहे तिथं खेळाचा आत्मा बघून निर्णय द्यावा, असं नियमपुस्तकच सांगतं.

कुत्र्याबद्दल मात्र नियम गप्प नाही. दोन्ही संघांशी किंवा पंचांशी संबंध नसलेल्या कुणीही खेळात अडथळा आणला की खेळ थांबवायचा आणि चेंडू जमिनीवर टाकून पुन्हा सुरू करायचा. याला ड्रॉप बॉल म्हणतात. खेळ थांबला तेव्हा चेंडू गोलासमोरच्या पेनल्टी क्षेत्रात असेल तर तो बचाव करणाऱ्या गोलकीपरलाच मिळतो आणि बाकी सगळ्यांनी चार मीटर लांब राहायचं. त्या मुलीनं शब्दाला शब्द हेच केलं होतं. चेंडू गोलात जाणारच होता ही आपली खात्री. पण पूर्ण चेंडूनं रेषा ओलांडल्याशिवाय गोल होत नाही. हां, कुत्र्याचा स्पर्श होऊनही चेंडू आत गेला असता आणि बचाव करणाऱ्या कुणाला त्यामुळं अडथळा झाला नसता, तर आजच्या नियमानं तो गोल धरला असता.

हे मोठमोठ्या पंचांनाही चुकतं. १७ ऑक्टोबर २००९ ला इंग्लंडमध्ये संडरलंड आणि लिव्हरपूल यांचा सामना होता. प्रेक्षकांतून समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा एक मोठा लाल फुगीर चेंडू मैदानात आला. डॅरेन बेंटनं मारलेला खरा चेंडू त्यावर आपटला, दिशा बदलून गोलात गेला आणि गोलकीपर फसला. पंच माइक जोन्स यांनी गोल दिला. खरं तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायला हवा होता. संडरलंड १-० नं जिंकलं आणि निकाल तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात जोन्स यांना खालच्या श्रेणीतला सामना दिला गेला. लाखो लोक बघत असताना, टीव्हीवर सगळं दिसत असताना ही चूक झाली. आमच्या मैदानावरच्या मुलीची मात्र झाली नाही.

आता चूक दोन प्रकारची असते, हे नीट ऐका. एक बघण्यातली आणि एक नियमातली.

बघण्यातली म्हणजे कशी? सप्टेंबर २००२ मध्ये बर्मिंगहॅम सिटी आणि अॅस्टन व्हिला हे दोन शेजारी संघ खेळत होते. व्हिलाच्या ओलोफ मेलबर्गनं थ्रो-इन आपल्याच गोलकीपरकडे, पीटर एन्केलमनकडे टाकला. चेंडू त्याच्या पायाखालून सरकून गोलात गेला. थ्रो-इन कुणाचाही स्पर्श न होता थेट स्वतःच्या गोलात गेला तर गोल होत नाही, समोरच्यांना कॉर्नर मिळतो. पण गोलकीपरच्या पायाला पुसटसा जरी लागला असेल तर गोल. म्हणजे सगळा प्रश्न बुटाला लागला की नाही एवढाच. पंच डेव्हिड एलरे यांनी लागला असं ठरवलं आणि गोल दिला. त्यावर आजही वाद घालणारे आहेत. पण मैदानात काय घडलं याबद्दल पंचाचा निर्णय अखेरचा असतो. कुणीतरी एकानं ठरवल्याशिवाय खेळ पुढं जाणार कसा?

नियमातली चूक वेगळी. ३ सप्टेंबर २००५ ला ताश्कंदमध्ये उझबेकिस्तान आणि बहरीन विश्वचषकाच्या पात्रतेसाठी खेळत होते. उझबेकिस्तान १-० नं पुढं होतं. त्यांना पेनल्टी मिळाली आणि तीही गोलात गेली. पण किक मारण्याआधी त्यांचाच एक खेळाडू रेषेच्या आत आला होता. जपानी पंचांनी ते बरोबर पाहिलं. अशा वेळी तेव्हाचा नियम सांगत होता, पेनल्टी पुन्हा मारा. पंचांनी मात्र बहरीनला फ्री किक दिली. डोळे बरोबर होते, नियम चुकला. उझबेकिस्ताननं तक्रार केली आणि आपल्याला ३-० असा विजय द्यावा अशी मागणी केली. फिफानं चूक मान्य केली, पण पूर्ण सामनाच रद्द करून पुन्हा खेळायला लावला. तो १-१ असा सुटला, बहरीनमधला दुसरा सामना ०-० झाला, आणि परक्या मैदानावरच्या एका गोलाच्या बळावर बहरीन पुढं गेलं. जो सामना आधीच जिंकला होता, तो उझबेकिस्तानच्या हातून असा गेला. नियम ठाऊक नसण्याची किंमत ही.

म्हणून ती मुलगी म्हणाली, "ताई, शंका आली तर मी खेळ सुरू करायची घाई करत नाही. एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय फिरवता येत नाही."

आणि कधीकधी नियम पाळूनही मनाला पटत नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात शेफील्डनं आपल्या जखमी खेळाडूसाठी चेंडू मुद्दाम बाहेर मारला. अशा वेळी चेंडू परत द्यायचा असा रिवाज आहे. आर्सेनलनं तसा थ्रो-इन टाकलाही. पण नवखा कानू मध्येच चेंडू घेऊन धावला, त्यानं तो ओव्हरमार्सकडे दिला आणि गोल झाला. आर्सेनल २-१ नं जिंकलं. पंचाला तो गोल नाकारता येत नव्हता, कारण रिवाज नियमात लिहिलेला नाही. तेव्हा आर्सेनलचे प्रशिक्षक वेंगर यांनी स्वतःहून पुन्हा खेळू असं सांगितलं. दहा दिवसांनी ते पुन्हा खेळले आणि पुन्हा २-१ नंच जिंकले. जे पंचाच्या हातात नव्हतं, ते जिंकणाऱ्यानं केलं.

मैत्रिणींनो, आपल्या गटातही असंच असतं ना? हप्ता चुकला तर दंड, हा नियम. पण बाई सासूला घेऊन दवाखान्यात होती, हे काही नियमात लिहिलेलं नसतं. मग काय घडलं ते आधी विचारायचं, नियम वाचायचा, आणि तो गप्प असेल तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तेही इतिवृत्तावर सह्या होण्याआधी.

गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. त्याही कधीतरी अशाच एखाद्या लहान मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहिल्या असतील. त्यांच्या बाजूनं तेव्हा कुणी बोललं होतं का, असा विचार माझ्या मनात येतो.

पुढचा सामना आमच्या गावात आहे. दोन्ही गोलांच्या मागं गटातल्या दोन-दोन बायका काठी घेऊन उभ्या राहणार आहेत, कुत्र्यांसाठी. आणि पंचाला कुणी भाकरी थापायला सांगितलं, तर त्याच्याशी बोलायला मी आहे.

नमस्कार.