छोटा उद्योग आणि व्यावसायिक खेळाडू



नवी वस्तू निर्माण करणाऱ्या लहान कारखानदारापुढे दोन अडचणी असतात. वस्तू तयार करणे ही पहिली आणि ती उपयुक्त आहे हे लोकांना पटवून देणे ही दुसरी. पहिलीवर मात करणारे पुष्कळ उद्योजक दुसरीपाशी अडखळतात. बड्या कंपन्यांप्रमाणे जाहिरातींवर पैसा ओतणे त्यांना परवडत नाही. अशा वेळी एखाद्या नामवंत खेळाडूला आर्थिक साहाय्य द्यावे आणि त्याच्या सदऱ्यावर आपले नाव झळकवावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक होय. तो कितपत फलदायी ठरतो, हे समजून घेण्यासाठी सायकल शर्यतींच्या इतिहासातील एक प्रसंग पाहणे उद्बोधक ठरेल.

टूर द फ्रान्स ही सुमारे तीन आठवडे चालणारी शर्यत १९०३ साली सुरू झाली, ती मुळी एका क्रीडाविषयक दैनिकाने आपला खप वाढावा म्हणून. तेव्हा खेळ आणि जाहिरात यांचे नाते या शर्यतीला जन्मापासूनच जडलेले आहे. १९८६ साली ग्रेग लेमाँड हा अमेरिकन तरुण तीत विजयी झाला. पुढल्याच वर्षी, एप्रिल १९८७ मध्ये, शिकारीच्या वेळी अपघाताने त्याला बंदुकीचे छर्रे लागले. प्राण वाचले, परंतु काही छर्रे शरीरातच राहिले आणि जवळजवळ दोन हंगाम वाया गेले. १९८९ साली तो ए. डी. आर. नावाच्या एका सामान्य बेल्जियन संघाकडून उतरला, तेव्हा हा खेळाडू संपला अशीच बहुतेकांची समजूत होती. एखाद्या बड्या कंपनीने त्याच्यावर मोठी रक्कम लावावी, अशी ती वेळ नव्हती.

त्याच्या सायकलीला मात्र त्या वर्षी एक विचित्र दिसणारे हँडल होते. बून लेनन या अमेरिकन स्कीइंग प्रशिक्षकाची ही कल्पना. उतारावरून वेगाने येणारा स्कीपटू दोन्ही हात पुढे जुळवून, पाठ वाकवून, अंग आवळून घेतो. सायकलस्वारानेही तसेच केले तर काय होईल, असा प्रश्न लेननला पडला. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवेचा अडथळा कापण्यातच खर्च होते, आणि तो अडथळा यंत्रापेक्षा स्वाराच्या देहामुळेच अधिक निर्माण होतो. वेग वाढला की हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कोपरे जवळ घेऊन पुढे टेकता येतील अशा दांड्या त्याने योजल्या. स्कीच्या काठ्या बनविण्यापासून आरंभ केलेल्या स्कॉट कंपनीने त्या बाजारात आणल्या. अमेरिकेतील ट्रायथलॉनपटू त्या वापरू लागले होते. युरोपातील जुने जाणते मात्र त्यांच्याकडे नाक मुरडून पाहत.

२३ जुलै १९८९ रोजी व्हर्साय ते पॅरिस हा २४.५ किलोमीटरचा अखेरचा टप्पा होता. या टप्प्यात प्रत्येक जण एकटाच घड्याळाशी झुंजतो. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होता. अवघ्या २४.५ किलोमीटरमध्ये एवढे अंतर भरून निघेल असे मानणारे थोडेच होते. फिन्यों नेहमीच्या पद्धतीने, शिरस्त्राण न घालता, केसांची शेपटी वाऱ्यावर सोडून निघाला. लेमाँडने ते नवे हँडल लावले होते आणि डोक्यावर निमुळते शिरस्त्राण होते. ते जिरो या कॅलिफोर्नियातील कंपनीचे. कंपनी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. लेमाँडने हे अंतर २६ मिनिटे ५७ सेकंदांत कापले. फिन्योंला ५८ सेकंद अधिक लागले. तीन हजारांहून अधिक किलोमीटरच्या त्या शर्यतीचा निकाल आठ सेकंदांनी लागला.

आता या विजयाचा लाभ कोणास झाला? विजेत्याच्या छातीवर ए. डी. आर. हे नाव ठळकपणे होते. ही बेल्जियममधील वाहने भाड्याने देणारी कंपनी. आज ती कोणाच्या स्मरणात आहे? हँडलाचा प्रसार मात्र झपाट्याने झाला आणि घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत त्याविना उतरणे हा वेडेपणा ठरू लागला. छातीवरचे नाव हे उसने असते. हातातले साधन खेळाडूच्या कामाचा भाग असते, आणि त्याच्या गुणाची साक्ष घड्याळ देते. लेननने पेटंटची तजवीज आधीच केली होती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. एरवी जगभर झालेली ही प्रसिद्धी नक्कल करणाऱ्यांच्याच पदरात पडली असती.

तथापि सर्व श्रेय त्या दांड्यांना देणे न्यायाचे होणार नाही. फिन्यों त्या दिवशी खोगिरामुळे झालेल्या जखमेने बेजार होता, आणि लेमाँडच्या पायांत बळ नसते तर कोणतेही हँडल त्याच्या उपयोगी पडले नसते. हँडलाला पंचांनी संमती दिली, याचे शल्य फिन्योंने अखेरपर्यंत बाळगले. पंच नकार देते तर ही कथा निराळी झाली असती.

तो नकार कसा असतो, याचे उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ येथील कसोटीत ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन मैदानात आला. ती त्याच्या मित्राच्या छोट्या कंपनीने शाळांसाठी स्वस्त बॅट म्हणून बनविली होती, आणि तिच्या विक्रीत लिलीचेही हितसंबंध गुंतलेले होते. चेंडू खराब होतो अशी तक्रार इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअरली याने केली. खेळ सुमारे दहा मिनिटे खोळंबला, लिलीने रागाने बॅट भिरकावली आणि अखेर लाकडी बॅट हाती घेतली. बॅट लाकडाचीच असावी असा नियम तोवर नव्हता. १९८० च्या नियमावलीत तो आला. बोभाट्यामुळे विक्री काही काळ वाढली खरी. परंतु ज्या मैदानावर वस्तू गाजली त्याच मैदानाची दारे तिला बंद झाली. खेळाडूशी करार करण्यापूर्वी त्या खेळाच्या नियामक मंडळाकडे चौकशी करण्यास एका पत्राचाच खर्च येतो.

आपल्या देशात याला कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची भलामण करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुनरावृत्ती झाल्यास ही मर्यादा पन्नास लाखांची आहे. दाव्याची योग्य ती खातरजमा केली असल्यास तिला यातून सूट मिळते. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भलामण ही प्रामाणिक मत, पुरेशी माहिती वा प्रत्यक्ष अनुभव यांवर आधारलेली असावी लागते. म्हणजे लेमाँडच्या बाबतीत जे व्यवहाराचे शहाणपण होते, ते आपल्याकडे कायद्याचे बंधन झाले आहे. जो मल्ल ते यंत्र कधी वापरीत नाही, त्याने त्या यंत्राची ग्वाही देणे धोक्याचे होय. त्याला आणि कारखानदारालाही.

अधिकारी वर्गाकडे वारंवार येणारा दुसरा प्रश्न कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीचा. ग्रामीण व राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणावर हा निधी खर्च करता येतो. परंतु आपल्या मालाच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून केलेले प्रायोजन २०२१ च्या सुधारित नियमांनी त्यातून वगळले आहे. तेव्हा गावच्या कबड्डी संघासाठी एखादी कंपनी पुढे आली, तर हा पैसा दायित्वाचा की जाहिरातीचा, हे पंचायतीने आरंभीच लेखी विचारून घ्यावे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट उरते. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार रद्दबातल असतो. शाळेतील होतकरू धावपटूकडे कोणी छापील कागद घेऊन आला, तर त्या कागदावर मुलाची सही होऊ देऊ नये. पालकांना बोलावून, दुखापत झाल्यास रक्कम चालू राहील की थांबेल, हे कलम त्यांच्यादेखत मोठ्याने वाचावे. बहुधा ते कलम त्या कागदात नसतेच.