पेनाचे अक्षर वाचणारे यंत्र



तुम्ही वहीत लिहिता, ते तुमचे गुरुजी वाचतात. पण काचेवर लिहिलेले अक्षर यंत्र कसे वाचते? आज मी तुम्हांला तेच सांगणार आहे.

पेन काचेवर कोठे टेकले, कोणत्या दिशेने वळले आणि कोठे उचलले, याची संगणक नोंद ठेवतो. मग ती रेघ तो आपल्याजवळच्या नमुन्यांशी ताडून पाहतो आणि अक्षर ठरवतो.

१९९३ साली ‘न्यूटन’ नावाचा हातात धरता येणारा संगणक निघाला. त्यावर पेनाने लिहिता येई. परंतु तो पुष्कळदा भलताच शब्द वाची. लोक त्याला हसले. १९९६ साली ‘पायलट’ नावाचा छोटा संगणक आला. त्याच्यासाठी माणसांनाच सोपी अक्षरे शिकावी लागली. इंग्रजी ‘ए’ लिहिताना मधली आडवी रेघ गाळायची!

पुढे संगणकाला अनेक माणसांच्या अक्षरांचे नमुने दाखवण्यात आले. त्यामुळे आज काही फोनवर बोटाने लिहिलेले मराठीही ओळखले जाते. तरी ‘घ’ची शिरोरेषा अर्धवट राहिली, तर तो ‘ध’ वाटतो. मग ‘घर’चे होते ‘धर’!

मुलांनो, यंत्र चुकले, तर आपण पुन्हा लिहू शकतो. पण दूर राहणारी आजी तुमचे पत्र वाचते, तेव्हा तुम्ही तिच्याजवळ नसता. म्हणून शिरोरेषा नीट द्या आणि अक्षर सुवाच्य काढा.